बडोद्याची दारे आणि त्यांचे अस्तर

बडोद्यास जाणारा प्रवासी बहुधा लक्ष्मीविलास राजवाडा पाहतो, सुरसागराच्या काठी घटकाभर विसावतो, कमाटी बागेत मुलांना हिंडवतो आणि परतीची गाडी पकडतो. ही स्थळे पाहण्याजोगी आहेत यात शंका नाही. १८९० साली पुरा झालेला तो राजवाडा पाहून कोणाचेही डोळे दिपावेत. परंतु १७३४ साली गायकवाडांचा अंमल कायम झाल्यापासून ज्या बडोद्यात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदली, त्या बडोद्याची ओळख राजवाड्यात होत नाही. ती होते दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, मांडवीच्या आसपासच्या अरुंद गल्ल्यांत. आणि तेथे घराची पहिली ओळख करून देते ते त्याचे दार.

जुन्या बडोद्याचे दार दोन फळ्यांचे, जाड सागवानी आणि उंचीला बेताचे असते. आत शिरणाऱ्याची मान आपोआप लवते. उंबरठा मात्र उंच. पाऊल उचलूनच टाकावे लागते. वर गणेशपट्टी, दोन्ही बाजूंस वेलबुट्टीचे कोरीव काम, मध्यभागी लोखंडी कडी आणि कोयंडा. मराठी वाडा आणि गुजराती हवेली यांचा येथे इतका सहज शेजार झाला आहे, की कोठली महिरप कोणाची हे सांगणे अवघड. शब्दांचेही तसेच. आपले ‘कवाड’ आणि गुजरातीतले ‘कमाड’ ही दोन्ही संस्कृतातल्या कपाटाची लेकरे. आपला उंबरठा आणि त्यांचा ‘ऊंबरो’ ही सख्खी भावंडे. बडोद्याच्या मराठी घरात तर ‘बारणं लाव रे’ असे ऐकू आले म्हणून कोणी दचकत नाही. ‘बारणुं’ हा गुजराती शब्द मराठी नेसण नेसून तेथे कधीचा घरचा झाला आहे.

आम्हा इंदूरकरांना लाकडी वास्तूंविषयी एक हळवा कोपरा आहे. आमच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. १९८४ सालच्या आगीत त्यातले किती लाकूड गेले, हे आमच्या पिढीने शाळकरी वयात पाहिलेले आहे. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याची पुनर्बांधणी झाली, पण जुने लाकूड ते जुने लाकूड. म्हणूनच गेल्या वर्षी दसरा उलटल्यावर बडोद्याच्या आत्याबाईंचा निरोप आला, तेव्हा लग्नघराच्या तयारीपेक्षा वाड्याची दारे रंगवायची आहेत, या वाक्याकडेच माझे लक्ष अधिक गेले.

रात्रीच्या गाडीने निघालो. माळवा मागे पडला, रतलाम गेले, दाहोद आणि गोध्रा झोपेत गेले आणि पहाटे बडोदे आले. नवरात्रातला गरबा संपलेला, पावसाने पुरता निरोप घेतलेला, हवा कोरडी होऊ लागलेली. लाकडाला हात लावायचा तर हाच काळ. आषाढ-श्रावणात लाकूड ओल पिऊन फुगलेले असते. त्यावर रंग चढवला तर आतली ओल बाहेर पडताना रंगाला फोड आणते. आपल्या पूर्वजांनी घराची रंगसफेदी दसरा-दिवाळीच्या सुमारास घातली, त्यात सणाचा उत्साह होता तसा हवेचा हिशेबही होता.

आत्याबाईंचा वाडा दांडिया बाजारानजीकच्या एका गल्लीत आहे. तीन मजली, शंभरी ओलांडलेला. मार्गशीर्षात नातवाचे लग्न ठरलेले. आतल्या अकरा दारांची, तेवढ्याच खिडक्यांची, जिन्याच्या कठड्याची आणि भिंतीतल्या फडताळांची रंगरंगोटी व्हायची होती. मी पोहोचलो तेव्हा घरात दोन पक्ष पडले होते. आतेभावाने एका ठेकेदाराला विचारले होते. त्याने चार दिवसांत सारे चकचकीत करून देण्याचे कबूल केले होते. आत्याबाईंनी मात्र ज्यांच्या तीन पिढ्यांनी या घराला रंग दिला, त्या जुन्या मिस्त्रीभाईंना बोलावले होते आणि त्यांनी वीस दिवस सांगितले होते.

याहून नाजूक प्रश्न पुढच्या दाराचा होता. जुन्या सामानाचा एक व्यापारी ते कोरीव दार चौकटीसकट मागत होता. आलेल्या पैशांत घरभर नवी सपाट दारे बसली असती, आणि ‘नाहीतरी हा वाडा आता किती दिवस?’ हा प्रश्न कोणी उघड विचारीत नसले तरी प्रत्येकाच्या मनात होता. आजूबाजूच्या गल्ल्यांत तशी दारे गेलेलीच आहेत. वाडा पडतो, जागेवर मजले उभे राहतात आणि दार कोठल्या तरी उपाहारगृहाच्या भिंतीची शोभा होते. उघडण्या-मिटण्याचा धर्म सुटलेले दार पाहून मला तरी वाईट वाटते.

आत्याबाई ऐंशीच्या पुढच्या. त्या मला कौतुकाने मास्तर म्हणतात. म्हणाल्या, “हे बघ मास्तर, आधी आतली दारं नीट होऊ देत. ती झाली की मग पुढच्या दाराचं काय ते बोला. तू मात्र इथेच बैस आणि मिस्त्रीभाई काय करतात ते बघ.” मी बसलो, आणि चार दिवसांसाठी गेलेला मी सुटी संपेपर्यंत राहिलो.

मिस्त्रीभाई साठीच्या घरातले, बोलणे थोडके. पहिल्या दिवशी त्यांच्यापाशी रंगाचा डबा नव्हताच. आतेभावाने रंग कोणता आणायचा म्हणून विचारले, तेव्हा ते म्हणाले, “भाई, रंग तो छेल्ले आवे.” रंग सर्वांत शेवटी येतो! पुढच्या दोन आठवड्यांत या चार शब्दांचा अर्थ मला टप्प्याटप्प्याने उलगडत गेला.

प्रथम त्यांनी दारांच्या कड्या, मुठी आणि साखळ्या काढल्या आणि एकेका दाराच्या नावाने कापडी पुरचुंडीत बांधल्या. बिजागऱ्यांवरची दारे उतरवून घोड्यांवर आडवी ठेवली. खालीवर लाकडी खुंटांवर फिरणारी जुनी दारे मात्र जागेवरच ठेवली, कारण ती उतरवायची म्हणजे चौकटीला हात घालावा लागतो. मग धुणे. बादलीभर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून त्यांनी प्रत्येक दार चिंधीने पुसून काढले. स्वयंपाकघराच्या दारावर फोडणीचा चिकट थर, देवघराच्या चौकटीवर निरांजनाची काजळी आणि तेलाचे हात, शिवाय वर्षानुवर्षे लागलेली हळदीकुंकवाची बोटे. सोड्याचे पाणी लागताच त्या हळदीच्या बोटांचा रंग पिवळ्याचा तांबडा झाला. क्षाराने हळद लाल होते हे मी विज्ञानाच्या तासाला मुलांना दाखवीत आलो आहे. देवघराच्या चौकटीवर तो प्रयोग असा आपोआप घडेल असे वाटले नव्हते. सोड्यानंतर दोनदा स्वच्छ पाण्याने पुसणे आणि मग पुरते वाळू देणे. तेल राहिले तर त्यावर रंग धरत नाही, आणि सोडा राहिला तर तो वरच्या रंगाला खातो.

धुतल्यावर दारे जशी होती तशी दिसली. रंग जेथे निघाला होता तेथे थरांच्या कडा उघड्या पडल्या होत्या. वरचा फिकट पिवळा, त्याखाली निळा, त्याखाली पिस्तई, मग गडद हिरवा आणि सर्वांत खाली गुलाबी. आत्याबाईंनी खुर्चीतूनच वाचन केले: पिवळा थोरल्या नातीच्या लग्नातला, निळा मुलाच्या लग्नातला, पिस्तई त्याच्या मुंजीतला. हिरवा त्या स्वतः सून होऊन आल्या तेव्हाचा. गुलाबीचे मात्र त्यांना काही आठवेना. ते मिस्त्रीभाईंनी सांगितले. तो रंग नव्हेच, ते पहिले अस्तर. पूर्वी शिशाचा सफेदा आणि थोडा शेंदूर अळशीच्या तेलात घोटून लाकडाचे अस्तर करीत, म्हणून ते गुलाबी. आज बाजारात मिळणारे लाकडाचे अस्तर पुष्कळदा गुलाबी असते, ते त्या जुन्या रिवाजाची आठवण म्हणून.

अस्तर हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. कपड्याच्या आतली बाजू, हा त्याचा मूळ अर्थ. शिंपी आणि रंगारी या दोघांनी तो वाटून घेतला. अंगरख्याचे अस्तर दिसत नाही, पण अंगरखा अंगावर बसतो तो त्याच्यामुळे.

‘शिशाचा सफेदा’ हे शब्द ऐकताच आतेभावाची सून पुढे आली. तिचे मूल दोन वर्षांचे. सारा दिवस जमिनीवर रांगणारे-धावणारे, हाती लागेल ते तोंडात घालणारे. दुसऱ्या दिवशी सारी दारे कोरडीच खरडायची आणि जाड थर दिव्याच्या ज्योतीने जाळून काढायचा, असे ठरले होते. सूनबाईंनी नम्रपणे पण ठामपणे सांगितले, की जुन्या रंगात शिसे असते. खरडताना त्याची धूळ उडते, जाळताना त्याची वाफ होते, आणि लहान मुलाच्या पोटात ते थोडेसे गेले तरी मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. तेव्हा असे काम या घरात होणार असेल तर ती मुलाला घेऊन माहेरी जाईल.

क्षणभर सारे गप्प झाले. मिस्त्रीभाईंना तो आपल्या कसबावरचा आक्षेप वाटला असावा. त्यांचे वडील हेच काम याच रीतीने करीत. मला मात्र सूनबाईंचे म्हणणे अक्षरशः खरे असल्याचे ठाऊक होते आणि मी तसे सांगितले. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिसे दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक असू नये, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांना असे बंधन नव्हते; आणि या दारांवर तर त्याही आधीच्या पिढ्यांचे थर होते. मिस्त्रीभाई थोडा वेळ विचार करून म्हणाले, “मग पाण्यानं घासू. वेळ जाईल, पण धूळ नाही होणार.” चार दिवसांचा ठेकेदार त्याच घटकेला बाद झाला. त्याने तर धुळीचा विचारही केला नसता.

त्यापुढची व्यवस्था येथे नोंदवून ठेवतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी जुनी दारे असतील. काम मागच्या अंगणात नेले. मुलाला आणि गरोदर असलेल्या भाचीला त्या भागात येऊ दिले नाही. जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरले. रंग पाण्याने भिजवून मगच वॉटरपेपरने घासला. निघालेला लगदा पिशवीत भरून बांधला, तो अंगणातल्या तुळशीच्या मातीत जाऊ दिला नाही. झाडू अजिबात वापरला नाही. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसून घेतले. कामाचे कपडे वेगळे धुतले, जेवणापूर्वी हात साबणाने धुतले. तोंडावर चांगल्या प्रतीची मुखपट्टी बांधली. सूनबाईंनी स्वतः आणून दिली ती पट्टी मिस्त्रीभाईंनी पहिल्या दिवशी खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी नाकावर.

आणखी एक गोष्ट त्यांनी अशी सांगितली की तिच्यामुळे निम्मे श्रम वाचले. जुना रंग जेथे घट्ट आहे तेथे तो काढू नये. नखाने सुटत नाही, फोड नाहीत, तडे नाहीत, असा रंग म्हणजे फुकट मिळालेले अस्तरच. त्याची चकाकी तेवढी घासून मारायची, म्हणजे नव्या थराला पकड मिळते. जेथे तो सुटला आहे तेथे मात्र लाकडापर्यंत जायचे आणि थरांच्या कडा उतरत्या करायच्या. आधी ८० नंबरचा जाड कागद, मग १२०, शेवटी २२०. आणि उघड्या लाकडावर हात नेहमी रेषांच्या दिशेने. आडवा हात मारला तर पडलेले ओरखडे रंगाखालूनही दिसत राहतात.

माजघराच्या एका चौकटीचे लाकूड असे उघडे झाले, तेव्हा सांध्यापाशी पटाशीच्या खुणा दिसल्या. एका सांध्यावर एक रेघ, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. कोणता तुकडा कोठे बसायचा याची ती सुताराची नोंद. त्या अनाम कारागिराची तेवढीच सही त्या वाड्यात उरली आहे. मिस्त्रीभाईंनी त्यावर बोट फिरवले आणि काही न बोलता पुढे घासू लागले.

लाकूड कोरडे झाल्यावर गाठींचा समाचार. काही खिडक्या नंतर केव्हा तरी हलक्या लाकडाच्या बसवलेल्या होत्या; त्यांच्या गाठींतून राळ पाझरून वरच्या रंगावर पिवळे डाग आले होते. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे दोन हात फक्त गाठींवर दिले. त्यानंतर पहिले अस्तर आले. टर्पेंटाइन घालून पातळ केलेले, म्हणजे ते लाकडात मुरावे. तक्त्यांच्या दारांवर आधी आतले तक्ते, मग आडव्या पट्ट्या, शेवटी कडेच्या उभ्या पट्ट्या. दाराची वरची आणि खालची धार त्यांनी विशेष निगुतीने भरली. तेथे लाकडाच्या शिरा उघड्या असतात आणि पाणी तेथूनच चढते. पावसाळ्यात अडकणाऱ्या दारांपैकी कितीतरी केवळ खालची धार कोरी राहिल्यामुळे अडकत असतील.

भेगा आणि खिळ्यांची भोके मात्र तशीच होती. मी विचारले, “मिस्त्रीभाई, लांबी आधी नाही भरायची?” ते म्हणाले, “लाकूड तहानलेलं असतं, साहेब. आधी लांबी भरली तर तिच्यातलं तेल लाकूड पिऊन टाकेल आणि लांबी सुकून गळून पडेल. आधी लाकडाची तहान भागवायची.” लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि अळशीचे तेल. तेल गेले की उरतो तो नुसता खडू. इतका सरळ कार्यकारणभाव शाळेच्या पुस्तकांतही क्वचित सापडतो.

अस्तर सुकायला त्यांनी दोन दिवस मागितले. अळशीचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. म्हणून त्याला घाई चालत नाही. याच गुणामुळे तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. आतल्या आत तापून ती पेट घेऊ शकतात. मिस्त्रीभाई ती रोज पाण्यात बुडवून ठेवीत आणि मगच टाकून देत. लाकडी घरात ही खबरदारी रंगाइतकीच मोलाची.

ते दोन दिवस मी भटकंतीस दिले. पहिल्या दिवशी रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. लाकडी खांब, कोरीव हात, अरुंद जिने आणि वरच्या दालनांत भिंतीभर चित्रे: महाभारतातले प्रसंग, कृष्णलीला, मराठे आणि इंग्रज यांच्या लढाया. पूर्वी हे सारे मी चित्रांसाठी पाहिले होते. या वेळी नजर चित्रांखाली गेली. जेथे गिलावा भिंतीला धरून आहे, तेथे दीडशे वर्षांपूर्वीची घोडेस्वारांची रांग अजून दौडते आहे. जेथे गिलावा सुटला, तेथे घोडा आणि स्वार दोघेही गेले. चित्रकाराचा हात दोन्हीकडे सारखाच होता.

परतताना कलाभवनावरून आलो. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी ही संस्था उभी केली. गज्जर हे आडनावच सुतारकामाशी नाते सांगणारे. कारागिरीला शास्त्राची जोड मिळावी, हा तिच्यामागचा हेतू. दादासाहेब फाळके येथेच शिकले. आज तेथे विद्यापीठाची तंत्रविद्या शाखा आहे.

दुसऱ्या दिवशी संखेड्याला गेलो. बडोद्याहून सुमारे पन्नास किलोमीटर. २०१३ पासून हे गाव छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडते. वाटेत डभोई लागते. तेथील हिरा भागोळ हे दगडी प्रवेशद्वार घटकाभर थांबून पाहावे असेच आहे. संखेड्याचे झोपाळे, पाळणे आणि खुर्च्या गुजरातेतल्या कितीतरी घरांत आहेत. बडोद्याच्या मराठी घरांतही लेकीच्या लग्नात त्या देण्याची चाल पडली. तेथले खरादी चरकावर सागाचे गोल पाय उतरवतात, घासून गुळगुळीत करतात, त्यावर रंगाचा तळ देतात. मग कथील आणि सरस एकत्र कुटून केलेल्या रुपेरी शाईने बारीक कुंचल्याने नक्षी काढतात. ती नक्षी तेव्हा चांदीसारखी पांढरी दिसते. तिच्यावर लाखेचा पारदर्शक थर चढला की ती सोन्याची होते. शेवटी अकीकाच्या दगडाने घोटतात. अकीकही जवळचाच, खंबायतचा. सोने पाहून ग्राहक पैसे देतो; त्यात सोन्याचा कणही नसतो. तळ, कथील आणि लाख या तिघांची ती करामत.

बडोद्यास परतलो तो दारांना लांबी भरून झाली होती. ती सुकल्यावर पुन्हा बारीक कागद, पुन्हा अस्तराचा एक हात, पुन्हा हलकी घासणी. मिस्त्रीभाई डोळे मिटून दारावर तळहात फिरवीत आणि डोळ्यांना न दिसलेला खडबडीतपणा तळहाताला सापडे. सतराव्या दिवशी रंगाचा डबा उघडला. सूनबाईंनी डब्यावरचा शिशाविषयीचा मजकूर वाचून मगच झाकण काढू दिले. रंगाचे दोन हात तीन दिवसांत झाले. सतरा दिवसांची तयारी आणि तीन दिवसांचा रंग! आतेभाऊ हिशेब करीत राहिला. पण दार मिटले तेव्हा ते एका बोटाने आणि आवाज न करता मिटले, आणि त्याचा हिशेब तेथेच थांबला.

पुढच्या दाराला मिस्त्रीभाईंनी रंग लावण्यास नकार दिला. कोरलेल्या सागाला रंगाने बुजवू नये, असे त्यांचे मत. उघड्या लाकडावर डाग पडतात म्हणून सोडाही त्यांनी तेथे वापरला नाही. मऊ ब्रशाने नक्षीतली धूळ काढली, टर्पेंटाइनच्या फडक्याने चिकटा पुसला आणि अळशीच्या तेलाचा अगदी पातळ हात देऊन उरलेले तेल पुसून घेतले. काळवंडलेल्या लाकडातून वेलीची पाने वर आली. घरातल्या तरुणांनी ती नक्षी इतक्या स्पष्ट कधी पाहिलीच नव्हती. व्यापाऱ्याला त्या आठवड्यात नकार कळवला गेला. हा नकार कायमचा आहे असे मी म्हणणार नाही. वाड्याचे वाटे, मुलांच्या नोकऱ्या, दुरुस्तीचा खर्च हे प्रश्न तेलाच्या हाताने सुटत नाहीत. पण विकायचे की ठेवायचे हे आता जाणून ठरेल, न पाहता ठरणार नाही, एवढे झाले.

शिक्षकाच्या पेशामुळे असेल, बडोद्याच्या या मुक्कामात मला सयाजीरावांच्या आणखी एका कामाची वारंवार आठवण झाली. त्यांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. राजा मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती, आणि शाळा प्रजेच्या भाषेतल्या. राजवाडा आणि बाग ही त्या राज्याची दिसणारी रंगसंगती. खेड्यापाड्यांतली पहिली-दुसरीची शाळा हे त्याचे अस्तर. ते अस्तर मुरलेले होते म्हणून पुढे कलाभवनाचा, ग्रंथालयांचा आणि विद्यापीठाचा रंग त्यावर टिकला. २०१८ साली मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले, तेव्हाही त्याच जुन्या तळावर नवा हात फिरला, असे मला वाटते.

आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे. रस्त्यावर एक भाषा, कचेरीत दुसरी, देवघरात तिसरी. पिढीगणिक वरचा रंग बदलतो आणि बदलणारच. त्याची खंत करण्यात अर्थ नाही. घट्ट असलेला जुना थर उगाच खरवडू नये, सुटलेला तेवढा लाकडापर्यंत स्वच्छ करावा, त्यातले विष मुलांच्या पोटात जाऊ देऊ नये, आणि नवा रंग देण्याआधी लाकडाची तहान भागवावी. बडोद्याच्या गल्लीत मिस्त्रीभाईंनी हे दारांविषयी सांगितले. घरांविषयीही त्याहून वेगळे काही सांगावे लागेल, असे मला वाटत नाही.